'इन्सुलिन रेझिस्टन्स'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: लठ्ठपणावरच्या मराठी मजकुरात 'इन्सुलिन रेझिस्टन्स'साठी प्रतिरोध, अवरोध, प्रतिकारशक्ती असं काहीही दिसतं. बरोबर कोणतं?

'प्रतिरोध' किंवा नुसता 'रोध' चालेल. 'विद्युतरोध' शाळेपासून ओळखीचा आहेच. 'अवरोध' नको. अवरोध म्हणजे वाट अडणं. इथे इन्सुलिन पेशीपर्यंत पोचतं, तिच्यावरच्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतं, पण आत साखर ओढून घेण्याचं काम पुरेसं होत नाही. 'इन्सुलिन प्रतिकारशक्ती' तर घातकच. रोगप्रतिकारशक्तीच्या सवयीमुळे वाचणारा ती वाढवायला काढा शोधायचा!

खरं तर नामासाठी एवढं अडून बसायचं कारण नाही. क्रियापद मराठीत तयार आहे: दाद न देणे. 'औषधांना दाद न देणारा क्षयरोग' आपण सर्रास लिहितो, तसंच 'पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत'. कोण कोणाला जुमानत नाही, हे समासात झाकलं जातं, इथे उघड होतं. 'पोट भरलं' असं मेंदूला कळवणाऱ्या लेप्टिन या हार्मोनलाही हेच लागू. नाव ग्रीक 'लेप्टॉस'वरून, म्हणजे बारीक. पण लठ्ठ माणसाच्या रक्तात ते सहसा जास्तच सापडतं, कारण ते चरबीच्या पेशींतूनच येतं. कमी पडते ती मेंदूची दाद. चरबीच्या पेशींतूनच येणाऱ्या अॅडिपोनेक्टिन या दुसऱ्या हार्मोनचं उलट, चरबी वाढली की ते घटतं. म्हणून 'हार्मोन्स बिघडले' या मोघम वाक्याचा उपयोग नाही. काय वाढलं, काय घटलं ते लिहावं.

पेशी दाद देईनात की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं आणि साखर बराच काळ नॉर्मल दिसते. 'होमा-आयआर' हा इन्सुलिन प्रतिरोधाचा अंदाज देणारा आकडा तिथे कामाला येतो: साखर (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) गुणिले इन्सुलिन (मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटर), भागिले ४०५. साखर ९० आणि इन्सुलिन १८ असेल तर उत्तर ४. साखर निर्दोष, तरी आकडा चढा, २.५ च्या आसपासची मर्यादा बऱ्याच ठिकाणी धरतात. साखर मिलिमोल प्रति लिटरमध्ये असेल तर भाजक २२.५, इथे गफलत झाली की उत्तर अठरा पटींनी चुकतं.

दोन्ही मोजमापं एकाच वेळच्या, 'फास्टिंग' रक्तातली लागतात. त्याचं 'उपवासाची साखर' हे भाषांतर मात्र टाळा. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन आलेला माणूसही उपवासाचाच असतो. 'उपाशीपोटी' लिहा, आणि शेजारी 'रात्रीपासून ८ ते १२ तास फक्त पाणी, चहासुद्धा नाही' हेही.