चर्चेचं गुऱ्हाळ

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

तुझा रात्री पावणेदोनला पाठवलेला मजकूर सकाळी चहाबरोबर वाचला. "सर, सगळीकडे चर्चेचं गुऱ्हाळ चाललंय आणि माणसं मरतायत. मी परराष्ट्र सेवेत जाऊन त्या गुऱ्हाळात चिपाडं घालत बसू का?" असं विचारलं आहेस. रागावलेली दिसतेस. त्यात काही वाईट नाही. पण कोल्हापूरच्या माणसासमोर गुऱ्हाळाचं नाव काढलंस, आता ऐकून घ्यावं लागेल.

हा वाक्प्रचार ज्याने रूढ केला त्याने गुऱ्हाळ लांबूनच पाहिलं असावं. काहिलीत, म्हणजे चुलीवरच्या मोठ्या कढईत, उसाचा रस तासन्‌तास उकळत असतो, मळी वर येते, ती सारखी काढत राहावी लागते. बघणाऱ्याला वाटतं, नुसता धूर आणि वेळकाढूपणा. पण गुळव्याचं, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराचं, लक्ष रसावरून हलत नाही. थेंबभर पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळते का ते तो पाहतो. काहील लवकर उतरवली तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. उतरवायची वेळ थोडीच असते, आणि त्या वेळी पाक ओतायचा वाफा धुऊन तयार नसेल तर आदल्या साऱ्या तासांची माती होते.

मला कोरियाबद्दल सांगायचं आहे. वर्गात मी तो विषय दहा मिनिटांत उरकायचो, त्याची भरपाई समज.

कोरियाचं युद्ध २५ जून १९५० ला पेटलं. एका बाजूला उत्तर कोरिया आणि पुढे चीन, दुसऱ्या बाजूला दक्षिण कोरिया आणि अमेरिकेच्या पुढारपणाखालची संयुक्त राष्ट्रांची फौज. वर्षभर आघाडी खाली-वर सरकली आणि फिरून जवळपास पहिल्याच जागी येऊन अडकली. १० जुलै १९५१ ला केसाँगला बोलणी सुरू झाली. काही आठवड्यांत उरकेल असा अंदाज होता. लागली दोन वर्षं आणि सतरा दिवस. सुरुवातीलाच अमेरिकी ॲडमिरल टर्नर जॉय यांना अशी बुटकी खुर्ची दिली की समोर बसलेले उत्तर कोरियाचे नाम इल त्यांच्याहून उंच दिसावेत. मग टेबलावरच्या झेंड्यांची उंची वाढवायची चढाओढ लागली. त्याच ऑगस्टमध्ये एके दिवशी दोन्ही बाजू एकमेकींकडे बघत दोन तास अकरा मिनिटं गप्प बसल्या. तुझ्या भाषेत, याहून मोठं गुऱ्हाळ नाही.

बोलणी चालू असताना युद्ध थांबलं नव्हतं. अमेरिकेच्या एकूण हानीपैकी सुमारे ४५ टक्के हानी बोलणी सुरू झाल्यानंतरची आहे. म्हणजे तुला जे आज दिसतंय, की टेबलावर माणसं बसलेली आहेत आणि तोफा चालूच आहेत, ते नवं नाही. ते योग्य आहे असं मी म्हणत नाही. पण बोलणी सुरू झाली की लढाई थांबेल, ही अपेक्षा धरून या धंद्यात आलीस तर दोन वर्षांत कडवट होशील.

अडलं कशावर होतं? दोन फौजांमधली रेषा कुठून जावी याचा मुद्दा त्या मानाने लवकर सुटला. अडलं कैद्यांवर. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार लढाई संपली की कैदी परत पाठवायचे. पण हजारो चिनी आणि उत्तर कोरियाई कैदी म्हणत होते, आम्हाला परत जायचं नाही. चीन म्हणे, करारात लिहिलंय, सगळे द्या. अमेरिका म्हणे, इच्छेविरुद्ध कुणाला ढकलणार नाही. या एका मुद्द्यावर दीड वर्ष घोंगडं भिजत पडलं.

तेव्हा संयुक्त राष्ट्रांत भारताच्या वतीने कृष्ण मेनन या देशाच्या मंडळाकडून त्या देशाच्या मंडळाकडे खेटे घालत होते. (मेनन यांच्याबद्दल माझं मत फारसं बरं नाही, १९६२ च्या चीन युद्धामुळे, तेव्हा ते संरक्षणमंत्री होते. पण हे काम त्यांचं, ते त्यांना द्यायलाच हवं.) त्यांचा मसुदा असा की कैदी यांच्याही ताब्यात नकोत, त्यांच्याही नकोत, तटस्थ देशांच्या आयोगाकडे द्या. ३ डिसेंबर १९५२ ला आमसभेत तो ५४ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला आणि सोव्हिएत संघाने, चीनने, उत्तर कोरियाने लगेच फेटाळला. त्या दिवशीची वर्तमानपत्रं वाचली असतीस तर म्हणाली असतीस, आणखी एक ठराव पाण्यात गेला.

५ मार्च १९५३ ला सोव्हिएत संघाचे सर्वेसर्वा स्टालिन वारले. महिना संपायच्या आत चीनचा सूर बदलला आणि ८ जूनला कैद्यांबाबत जो समझोता झाला, त्याचा सांगाडा बराचसा त्या फेटाळलेल्या मसुद्याचाच होता. तटस्थ देशांचा आयोग, अध्यक्षपद भारताकडे. स्टालिन कधी मरणार हे मेनन यांच्या हातात नव्हतं. त्या दिवशी कागद तयार असणं मात्र होतं. नसता, तर नवा लिहायला, शब्दाशब्दावर भांडायला आणखी किती महिने आणि किती माणसं गेली असती, याचा हिशेब कर.

२७ जुलै १९५३ ला सकाळी दहा वाजता पानमुनजोमला सह्या झाल्या. दहा-बारा मिनिटांचं काम. कुणी कुणाशी हात मिळवला नाही, एक शब्द बोललं नाही. दक्षिण कोरियाने सही केलीच नाही. तरी त्याच रात्री दहा वाजता तोफा थांबल्या.

आता आपल्या माणसांचा भाग. त्या कैद्यांवर पहारा ठेवायला भारताने सुमारे सहा हजार सैनिक पाठवले. आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि संरक्षक दलाचे प्रमुख आपल्या कोल्हापूरचे शंकरराव थोरात. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या वसतिगृहाच्या रखवालदारीवर एक निवृत्त हवालदार होते, ते त्या दलात होते. हे मला दोन वर्षं ठाऊकच नव्हतं. कोरिया दहा मिनिटांत उरकून बाहेर यायचो आणि फाटकावर त्यांचा रामराम घ्यायचो. एकदा कुणा पोराने वर्गातली वही त्यांना वाचून दाखवली आणि संध्याकाळी त्यांनी मला थांबवलं. "साहेब, तुम्ही शिकवता ते बरोबरच हाय, पण तंबूचं सांगत न्हाई."

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतावर इतके खवळलेले होते की भारतीय सैनिकाचं पाऊल आपल्या भूमीवर पडू देणार नाही म्हणाले. म्हणून इंचॉनच्या बंदरात जहाजावरूनच हेलिकॉप्टरने उचलून आपल्या लोकांना दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवलं. तिथल्या छावणीचं नाव हिंदनगर. हवालदारांच्या लेखी हेलिकॉप्टर ही आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट होती, थंडी दुसरी.

आणि तंबू. परत जायला नको म्हणणाऱ्या बावीस हजारांवर कैद्यांना त्यांच्या देशाच्या प्रतिनिधींनी समजावून सांगायचं, घरी चला म्हणून. कैदी तंबूत येई. समोर समजावणारे, बाजूला तटस्थ देशांचे लोक, दारात आपला शिपाई. बोलणं संपलं की बाहेर जायला दोन दारं. एक घराकडे, दुसरं परत छावणीकडे. "काही जण शिव्या देत यायचे, खुर्च्या उचलायचे. आमी हात धरून बसवायचो," हवालदार सांगत. "पण एखादा गप बसायचा. उठायचा, एका दाराकडं दोन पावलं टाकायचा, थांबायचा. आमाला सक्त ताकीद, दाराकडं बोट सुदिक दाखवायचं न्हाई." घरी परतायचं ठरवणारे सगळे मिळून सहाशेच्या आसपास निघाले. आणि ८८ जणांनी तिसराच रस्ता धरला. त्यांना दोन्ही कोरिया नकोत, चीनही नको आणि तैवानही नको. ते आपल्या दलाबरोबर जहाजाने मद्रासला आले.

कैद्यांनी एकदा आपल्या एका मेजरला छावणीत ओढून नेलं, तेव्हा थोरात स्वतः मोजकी माणसं घेऊन आत गेले, खवळलेल्या जमावाशी बोलत राहिले आणि मेजरला सोडवून आणलं. गोळी न झाडता. ही गोष्ट सगळे सांगतात. पुढच्या काही दिवसांत दुसऱ्या दंगलींत आपल्या पहारेकऱ्यांना गोळीबार करावा लागला आणि कैदी मेले, ती सहसा कुणी सांगत नाही. तू दोन्ही लक्षात ठेव.

आपल्याकडे एक म्हण झालेलं वाक्य आहे: लढाईत जिंकले, तहात हरले. शाळेपासून ऐकतो आपण. त्यामुळे तह म्हणजे फसवणुकीची जागा, असं डोक्यात बसतं. १७७९ ला वडगावला इंग्रज फौजेने मराठ्यांना शरण येऊन तह केला आणि सही करणाऱ्यांना अधिकारच नव्हता म्हणून वरिष्ठांनी तो झुगारला. इथे फसगत कशाची, तर सही कुणाची हे न पाहिल्याची. तीनच वर्षांनी सालबाईला तह झाला. तिथे महादजी शिंदे दोन्ही बाजूंना जामीन राहिले, आणि पेशवे-कंपनी यांच्यात वीस वर्षं युद्ध झालं नाही. बातमी वाचताना आधी एवढं शोध: सही कोण करतंय, जामीन कोण, आणि पाळलं जातंय का हे जाग्यावर उभं राहून कोण बघणार. सुदानच्या युद्धात मे २०२३ मध्ये जेद्दाला एकमेकांशी लढणाऱ्या दोन सेनापतींच्या माणसांनी नागरिकांना जपू म्हणून सही केली. लढाई थांबली नाही.

इस्राएल आणि हमास यांच्यातला गाझाचा जानेवारी २०२५ चा करार घे. कतार, इजिप्त, अमेरिका मध्यस्थ. पहिला टप्पा ४२ दिवसांचा. किती ओलीस, कोणत्या क्रमाने, बदल्यात किती कैदी, सगळं बारकाईने लिहिलेलं. दुसऱ्या टप्प्याचं मात्र पहिला चालू असताना बोलू असं ठरलं. ते बोलणं पुढे सरकलंच नाही आणि १८ मार्चला पुन्हा बॉम्ब पडले. अवघड प्रश्न पुढे ढकलला की असंच होतं, असं तू म्हणशील. पण कोरियातही तो ढकललाच होता. राजकीय तोडगा नंतरच्या परिषदेत काढू असं कागदात आहे, ती परिषद १९५४ ला जिनिव्हात भरली आणि फिसकटली. शांततेचा तह आजपर्यंत झालेला नाही. फरक एवढा की कोरियातला पहिला टप्पा दुसऱ्याच्या खांद्यावर उभा नव्हता. चार किलोमीटर रुंदीचा पट्टा, नकाशावर काढलेली रेषा, तंटा झाला तर कुणी कुठे बसायचं, हे सगळं तिथेच संपवलेलं होतं. वरचा मजला बांधला गेला नाही, तरी जोतं राहिलं. हे माझं वाचन आहे. तुला पटलं नाही तर वाद घाल.

युक्रेनचं एक उदाहरण देतो आणि थांबतो, कारण त्या युद्धावर मत द्यायला सगळं गाव मोकळं आहे. जुलै २०२२ मध्ये युक्रेन आणि रशिया एका कागदावर सही करायला तयार नव्हते. मग इस्तंबूलला दोन कागद केले. तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रं दोन्हींवर, युक्रेन एकावर, रशिया दुसऱ्यावर. मजकूर सारखाच. जहाजं तपासायला चौघांची माणसं एका कचेरीत बसवली. वर्षभर टिकलं ते, आणि तेवढ्यात तीन कोटी टनांवर धान्य काळ्या समुद्रातून बाहेर पडलं. युद्ध एक दिवसही थांबलं नाही. पण दोन कागदांची ती युक्ती कुणा तरी तुझ्यासारख्याच मधल्या फळीतल्या माणसाला सुचली असेल, आणि त्याचं नाव आपल्याला कधी कळणार नाही.

तेव्हा चिपाडं घालायला जायचं का, तर जा. चुलीपाशी राहिल्याशिवाय पाक कळत नाही. मात्र अभ्यासाची पद्धत बदल. भाषणांच्या आणि शिखर परिषदांच्या टिपणांनी तू वह्या भरतेस, मी पाहिल्यात. त्याऐवजी एकेक करार मुळातून वाच, परिशिष्टांसकट. गंमत परिशिष्टातच असते. नकाशा वाचायला शीक. एक परकी भाषा अशी शीक की त्या भाषेत तुला भांडता आलं पाहिजे, नुसतं आभार मानता येऊन उपयोग नाही.

डिसेंबरात इकडे ये. आमच्या पलीकडच्या गावात एक गुऱ्हाळ अजून जुन्या पद्धतीने चालतं, गुळव्या ओळखीचा आहे, पहाटे चारला चूल पेटवतो. येताना १९५३ च्या शस्त्रसंधीची प्रत छापून आण, नकाशे गाळू नकोस. कैद्यांच्या कलमांवर तुला मी प्रश्न विचारणार आहे. आणि स्वेटर आण, मागल्या खेपेला माझी शाल नेलीस ती अजून परत केलेली नाहीस.

तुझा,
सर