कृत्रिम हृदयावर माणूस दीड वर्ष जगतो, मग तेच कायमचं का ठेवत नाहीत?

ठेवून पाहिलंय. 1982च्या डिसेंबरात अमेरिकेत युटा विद्यापीठात बार्नी क्लार्क या दंतवैद्याला जार्विक-7 हे हृदय कायमचं म्हणून बसवलं. 112 दिवस जगले, पण आकडीचे झटके, रक्तस्राव, संसर्ग यांतून सुटका झाली नाही.

मी पर्फ्युजनिस्ट आहे, म्हणजे बायपासच्या वेळी हार्ट-लंग मशीन सांभाळणारा. कृत्रिम हृदय स्वतः चालवलेलं नाही. पण पंपातून फिरवलं की रक्त किती रुसतं, ते रोज बघतो. प्लास्टिक किंवा धातू लागला की ते गोठायला बघतं. गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात. म्हणून रक्त पातळ करायची औषधं द्यायची, आणि ती जास्त झाली की रक्तस्राव. चार तासांच्या ऑपरेशनमध्येही आमचं लक्ष याच तारेवर असतं. तिथे महिनोन्‌महिने हेच.

मग बसवायचं कशाला? दात्याचं हृदय सांगून येत नाही, ते मिळेपर्यंत माणूस जगवायला. हृदयाची एकच, डावी बाजू थकली असेल तर एलव्हॅड नावाचा पंप पुरतो. दोन्ही बाजू गेल्या तर मूत्रपिंडं आणि यकृतही निकामी व्हायला लागतात, आणि अशा माणसाला नवं हृदय मिळालं तरी ते पेलवत नाही. कृत्रिम हृदयाने रक्तपुरवठा सुधारला की हे अवयव पुष्कळदा सावरतात. नुसते दिवस ढकलण्यापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं.

हा मधला टप्पा पहिल्यांदा 1969मध्ये ह्यूस्टनला सर्जन डेंटन कूली यांनी करून पाहिला. रुग्ण 64 तास यंत्रावर होता. दात्याचं हृदय मिळालं, पण नंतर दीडच दिवसात तो गेला. 1985मध्ये टूसानला जॅक कोपलँड यांनी जार्विक-7 वापरून पंचविशीतल्या एका तरुणाला प्रत्यारोपणापर्यंत नेलं आणि तो पुढे काही वर्षं जगला. त्याच यंत्राच्या पुढच्या रूपाला, सिनकार्डियाला, 2004मध्ये अमेरिकेत याच वापरासाठी मान्यता मिळाली.

तुम्ही म्हणता ते 'दीड वर्ष' बहुतेक मिशिगनच्या स्टॅन लार्किनचं असावं. 555 दिवस छातीत स्वतःचं हृदय नाही, पाठीवरच्या सॅकमध्ये सहा-एक किलोचा ड्रायव्हर, म्हणजे हवेच्या दाबाने कृत्रिम हृदय चालवणारं यंत्र, आणि पठ्ठ्या बास्केटबॉल खेळायचा! 2016मध्ये त्याला दात्याचं हृदय मिळालं. पण त्या ड्रायव्हरच्या दोन नळ्या पोटाच्या कातडीतून आत जातात. ती भोकं म्हणजे जंतूंना उघडं दार, शिवाय ड्रायव्हरची खटखट दिवसरात्र.

आता बायव्हॅकॉर नावाचं टायटॅनियमचं हृदय आलंय. त्यात चुंबकाने तरंगत फिरणारा एकच भाग, म्हणजे झिजायला जवळपास काही नाही. 2024मध्ये ते पहिल्यांदा माणसात बसवलं. सिडनीचा एक रुग्ण ते घेऊन घरी गेला आणि शंभराहून जास्त दिवसांनी, मार्च 2025मध्ये, त्याला दात्याचं हृदय बसलं. कायमच्या वापराच्या जवळ जाईल तर हेच, असा माझा अंदाज. पण वीज पुरवणारी एक वायर याचीही पोटातून बाहेर येतेच.