ध्वनी ओळखण्याआधी पेटी (हार्मोनियम) जवळ ठेवा
दोन प्रश्नमंजुषांत एकच घंटा ऐकू आली की ती चोरली, असे लगेच लिहू नका, ही माझी पहिली विनंती. ‘हू वॉन्ट्स टू बी अ मिल्यनेअर’ हा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम १९९८ साली ब्रिटनमध्ये सुरू झाला. त्याचे संगीत कीथ आणि मॅथ्यू स्ट्रॅचन या पितापुत्रांचे. परदेशी वाहिन्यांना हक्क देताना मंचाची रचना आणि प्रकाशयोजनेबरोबर हे ध्वनीही सोबत गेले, म्हणूनच २००० मधील ‘कौन बनेगा करोडपती’त आणि पुढे मराठी आवृत्तीतही तेच सूर घुमले.

अभ्यासाला जुने ब्रिटिश भाग घ्या. पहिल्या पाच प्रश्नांखाली एकच संगीत चालते. त्यानंतर प्रत्येक पुढच्या प्रश्नाला ते अर्ध्या स्वराने चढते, म्हणजे पेटीवर काळी एकवरून तिच्या लगतच्या सफेद दोनवर गेल्यासारखे, आणि स्पर्धकाची घालमेल वाढण्यात या चढाचा वाटा मला तरी निवेदकाच्या आवाजाहून मोठा वाटतो.

मात्र फितीवर विसंबू नका. व्हीएचएस या जुन्या चित्रफितीची गती सुमारे सहा टक्क्यांनी वाढली, तरी स्वर तेवढाच, म्हणजे अर्ध्या पायरीने, वर सरकतो. याच कारणाने मी एकाच ध्वनीच्या दोन नोंदी वर्षभर वेगवेगळ्या जपल्या होत्या (आणि त्यावर वादही घातला होता). म्हणून नुसती पट्टी (स्वराची उंची) न जुळवता आघात, म्हणजे ध्वनीची सुरुवात, कसा होतो, गुंजन किती लांबते आणि दोन स्वरांमधले अंतर किती, हे ताडून पाहा, आणि नोंदीत फीत कुठून मिळाली तेही लिहा.