वाचकांचे प्रश्न : कांद्यावरचं निर्यातशुल्क नेमकं कोण भरतं?

प्रश्न : देशातला दहा टक्केही कांदा बाहेर जात नाही. मग निर्यातशुल्क लागलं की लिलावात सगळ्याच कांद्याचा भाव का पडतो? (एक शेतकरी, निफाड)

प्रमाण तुम्ही म्हणता तेवढंच आहे. २०२२-२३ मध्ये उत्पादन सुमारे ३०२ लाख टन होतं आणि निर्यात सुमारे २५ लाख टन. पण लिलावात ट्रॉलीवर बोली लावणारा व्यापारी ‘हा माल दुबईला आणि तो कानपूरला’ असे दोन भाव काढत नाही. निर्यातदार बोलीतून मागे सरला की वरचा भाव देणारा गिऱ्हाईकच जातो, आणि उरलेले सगळे त्याच्या खालच्या भावावर येतात. शिवाय कांदा स्वस्त झाला म्हणून घरात दुप्पट खाल्ला जात नाही. जास्तीचे २५ लाख टन देशातच खपवायचे तर भाव बराच पाडावा लागतो.

आता हिशोब बघा. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. परदेशी खरेदीदार न्हावाशेवा बंदरात टनाला ४०० डॉलर द्यायला तयार आहे. डॉलर ८३ रुपयांचा धरला तर क्विंटलला ३,३२० रुपये होतात. व्यापाऱ्याच्या खळ्यावरची (माल साफ करायच्या जागेवरची) निवड, गोणी, हमाली, कंटेनर, बंदराचा खर्च आणि निर्यातदाराचा नफा मिळून ८०० धरू. म्हणजे लिलावात तो २,५२० पर्यंत बोली देऊ शकतो. २०२३ मध्ये लागलं होतं तसं ४० टक्के शुल्क लागतं ते बंदरावरच्या पूर्ण किमतीवर, म्हणजे ३,३२० वर. ते झालं १,३२८. गोणी आणि ट्रकवाला काही भाव कमी करत नाहीत, त्यामुळे सगळी कपात कांद्यावर येते आणि बोली १,१९२ वर उतरते. कागदावरचं ४० टक्के शुल्क शेतकऱ्याच्या भावात ५३ टक्क्यांची घट होऊन येतं ते असं. २० टक्के शुल्काला हाच आकडा १,८५६ येतो.

खरेदीदाराने यातलं काही सोसलं तर घट कमी होते. ढाका आणि कोलंबोत कांदा महागला, तो काही अंशी याचमुळे. आखातात मात्र पाकिस्तानचा माल शेजारच्याच गोणीत असतो. तिथे आपला भाव फार वाढवता येत नाही.

प्रश्न : शेतकऱ्याचं नुकसान मान्य, पण निर्यातबंदीमुळे आम्हा शहरवाल्यांना कांदा स्वस्त मिळतो, हे तर खरं ना? (एक गृहिणी, डोंबिवली)

खरं आहे, पण वाटतं तितकं नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासानुसार ग्राहकाने कांद्यावर खर्च केलेल्या रुपयातले साधारण ३६ पैसेच शेतकऱ्याला मिळतात. उरलेल्यात मालाची घट (सड आणि वजनातली तूट), हमाली, वाहतूक, घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्याचा वाटा येतो. हे खर्च कांद्याच्या भावाबरोबर उतरत नाहीत. म्हणून लासलगावच्या कांदा बाजारात किलोमागे दहा रुपये पडले तरी तुमच्या भाजीवाल्याकडे पूर्ण दहा उतरत नाहीत, आणि उतरायला वेळही लागतो.

पूर्ण दहा उतरले असं धरलं तरी महिन्याला पाच किलो कांदा लागणाऱ्या घराचे ५० रुपये वाचतात. एकरी शंभर क्विंटल पिकवणाऱ्याचे त्याच दहा रुपयांनी लाख रुपये जातात. मात्र पाच किलो घेणारी घरं कोट्यवधी आहेत, आणि २०१२ च्या आधारवर्षाच्या महागाई निर्देशांकात कांद्याचा भार ०.६४ टक्के होता. दिसायला लहान, पण कांदा दुप्पट झाला की महागाईचा आकडा हलतो आणि बातमी होते. धोरणाचा फायदा सर्वात आधी मिळतो तो या आकड्याला.

सरकारकडे दुसरा मार्ग आहे तो राखीव साठ्याचा. ऑगस्ट २०२३ मध्ये शुल्कानंतर नाफेड आणि एनसीसीएफ या केंद्रासाठी खरेदी करणाऱ्या सहकारी संस्थांनी २,४१० रुपये क्विंटलने खरेदी जाहीर केली आणि शहरांत २५ रुपये किलोने विक्री. वाहतूक आणि घट धरली तर हा सरळ तोट्याचा व्यवहार आहे, पण तो तोटा सरकारच्या निधीतून जातो. आमच्या मते ग्राहकाला मदत करायचीच तर हा मार्ग जास्त प्रामाणिक, कारण त्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी बसत नाही.

प्रश्न : बंदी असतानाही इथे भारतीय कांदा दिसायचा. तो कसा यायचा? (एक वाचक, दुबई)

डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या बंदीत सरकारने मित्रदेशांसाठी ठरावीक कोटा सोडला होता. एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालेला आकडा ९९,१५० टन, सहा देशांसाठी : बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका. माल एनसीईएल या सहकारी निर्यात संस्थेमार्फत गेला. बंदीत बाहेरचा भाव चढा आणि आतला पडलेला असतो. अशा वेळी बाहेर माल नेण्याची परवानगी ज्याच्याकडे, मधली तफावत त्याच्याकडे जाते. खुल्या निर्यातीत तीच तफावत बोलीतल्या चढाओढीने निदान काही प्रमाणात शेतकऱ्यापर्यंत उतरते.

गिऱ्हाईकही टिकत नाही. सप्टेंबर २०१९ च्या बंदीनंतर ऑक्टोबरमध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत हसत म्हणाल्या होत्या की स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात पुन्हा बंदी आली. ज्याची दारं अशी बंद होतात, तो दुसरा पुरवठादार शोधतो.

प्रश्न : कंटेनर बंदराच्या वाटेवर असताना शुल्क किंवा बंदी आली तर? (एक नवा निर्यातदार, पिंपळगाव बसवंत)

शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टम्सकडे द्यायचा अर्ज) भरलं म्हणजे सुटलो, हा गैरसमज महागात पडतो. शुल्काचा दर लागतो तो कस्टम्स अधिकारी माल चढवायची परवानगी, म्हणजे लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, देतो त्या तारखेचा. १९ ऑगस्ट २०२३ ला, शनिवारी, ४० टक्के शुल्क आलं तेव्हा ही ऑर्डर न मिळालेला माल नव्या दरात सापडला.

बंदीचे नियम वेगळे. ७ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेत सूट होती ती जहाजावर चढवणं सुरू झालेल्या मालाला, शिपिंग बिल भरून जहाज बंदरात आलेलं असेल तर त्याला, आणि कस्टम्सच्या ताब्यात देऊन नोंद झालेल्या मालाला. खरेदीदाराची नुसती ऑर्डर हातात असून भागलं नाही. म्हणून करारात एक ओळ घालाच : करारानंतर लागलेलं कोणतंही नवं शुल्क खरेदीदाराकडे. तो तयार नसेल तर माल लहान खेपांत पाठवा.

प्रश्न : मग उन्हाळ कांदा चाळीत (साठवणीच्या शेडमध्ये) ठेवावा की काढल्या काढल्या विकावा? (एक शेतकरी, येवला)

मे महिन्यात क्विंटलला १,५०० चा भाव सोडून ऑक्टोबरपर्यंत ठेवला आणि सडून-सुकून वजनात ३५ टक्के घट आली, तर नुसती बरोबरी साधायला २,३०८ हवेत. त्यावर व्याज आणि निवडीची मजुरी. घट कमी करायची तर काढणीनंतर कांदे पातीने झाकून तीन-चार दिवस शेतात सुकवा, मान इंचभर ठेवून कापा, मग दहा-बारा दिवस सावलीत. गोल्टी (बारीक), जोड आणि डेंगळ्याचा (फुलाचा दांडा आलेला) कांदा चाळीत जाऊ देऊ नका. सड तिथूनच पसरते.

खरा धोका दुसरा आहे. चाळीतल्या कांद्याला पैसे मिळायचे ते ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, आणि २०१९ ची बंदी सप्टेंबरात, २०२० ची सप्टेंबरात, २०२३ चं शुल्क ऑगस्टात. भाव चढला की निर्णय येतो. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क काढलं, तरी ते परत लावायला एक अधिसूचना पुरते. म्हणून सगळा माल एका तारखेवर लावू नका. एक तृतीयांश काढणीला, एक तृतीयांश जुलैपर्यंत, बाकीचा भाव पाहून.

आणि ई-पीक पाहणीत (मोबाईलवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवायची सोय) कांद्याची नोंद करून ठेवा. २०२३ मध्ये राज्याने क्विंटलला ३५० रुपये, २०० क्विंटलपर्यंत अनुदान दिलं, तेव्हा सातबाऱ्यावर कांदा नसल्याने अनेकांचे अर्ज अडले. विक्रीची मूळ पट्टी, म्हणजे पावतीही जपा. झेरॉक्सवर काम होईलच असं नाही.