आधी पोर्चमधलं कव्हर काढा

पत्र असं आहे :

"ताई, माझं वय 57, मुक्काम सातारा, औषधांची एजन्सी आहे. मार्च 2024मध्ये पुण्यातल्या एका शोरूममध्ये दोन सीटची, मॅन्युअल गिअरची परदेशी स्पोर्ट्स कार बुक केली. पाच लाख भरले. गाडी त्याच वर्षी दिवाळीला मिळणार होती. त्यानंतर तारीख चार वेळा पुढे गेली, किंमत वाढली, मी निवडलेला रंग बंद झाला. मॅन्युअलऐवजी ऑटोमॅटिक लगेच देतो म्हणाले, मी नाही म्हटलं. सौ. म्हणते, पैसे परत घ्या. बंगळूरचा मुलगा म्हणतो, इतके दिवस थांबलात, आता सोडलंत तर रांगेतला नंबर जाईल. लहानपणापासूनचं स्वप्न आहे, म्हणून मन होत नाही. माझी 2006ची मारुती एस्टीम 2024च्या दिवाळीपासून कव्हर घालून पोर्चमध्ये उभी आहे, नवी येणार म्हटल्यावर तिच्यावर खर्च कशाला. रोजच्या कामाला स्कूटर पुरते. (पूर्वी रविवारी पहाटे आम्ही दोघं कासला जायचो. सौ. थर्मासमध्ये चहा घ्यायची. ते सध्या बंद आहे.) रद्द करू की थांबू?
— प्रतीक्षेत, सातारा"

नमस्कार,

रद्द करा. याच आठवड्यात. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं एस्टीमबद्दल बोलता येईल.

तुम्हाला शोरूमच्या तारखा तोंडपाठ आहेत. एस्टीमच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आलं, आणि कासच्या वाट्याला कंस. तो कंस मी पुन्हा पुन्हा वाचला. शोरूमवाल्यांनी तुम्हाला झुलवलं, मान्य. पण चालत्या गाडीवर कव्हर कोणी घातलं? रविवार कोणी बंद केले? ते तुम्ही केलंत. दीडेक वर्षात सत्तरच्या वर रविवार गेले. घरातल्या माणसाला पहाटे उठून चहा करायची सवय होती, तीही मोडली. सौ. म्हणतात, पैसे परत घ्या. त्यांना पैशांपेक्षा ते रविवार परत हवे असतील, असं तुम्हाला एकदाही वाटलं नाही?

आणि तुमच्या पोर्चमध्ये काय उभं आहे ते तरी नीट बघा. 1.3 लिटरचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, 85 हॉर्सपॉवर, वजन जेमतेम पावणेनऊशे किलो. आपल्याकडे रॅलीवाल्यांनी ही गाडी वर्षानुवर्षं पळवली ती याच हलकेपणासाठी. ऑटोमॅटिक नको, मॅन्युअलच हवी, म्हणून तुम्ही हातातली डिलिव्हरी नाकारलीत. मॅन्युअल गाडी तुमच्या दारात आहे हो! ती चालवायची सोडून तुम्ही दुसऱ्या मॅन्युअलची वाट बघताय.

मुलाचं म्हणणं मला पटत नाही. दोन वर्षं थांबलो म्हणून तिसरं थांबायचं, हा हिशोब चुकीचा आहे. गेलेला वेळ गेला, तो पुढच्या निर्णयात धरायचा नसतो. टेस्लाची रोडस्टर नोव्हेंबर 2017मध्ये दाखवली गेली आणि 2020ला येणार होती. 50,000 डॉलर भरून लोक रांगेत बसले, 2020 गेलं आणि त्यानंतरच्या तारखाही गेल्या. रांगेतला नंबर म्हणजे गाडी नव्हे.

शिवाय बुकिंग फॉर्म काढून बारीक अक्षरं वाचा. बहुतेक फॉर्मांत 'डिलिव्हरीच्या दिवशी लागू असलेली किंमत' असं कलम असतं. म्हणजे उशीर त्यांचा आणि वाढलेला दर तुमचा. मधल्या काळात महाराष्ट्रातल्या रस्ता कराची कमाल मर्यादा 1 जुलै 2025पासून 20 लाखांवरून 30 लाखांवर गेली आहे. इतक्या महागाच्या आयात गाडीला तो फरक लागू शकतो. 2024मध्ये केलेला हिशोब आता धरून बसू नका. आणि जो माणूस वीस वर्षं जुनी एस्टीम झाकून ठेवतो, तो ती नवी गाडी कासच्या वाटेवरच्या यवतेश्वरच्या खडीवर नेणार आहे का? तिच्यासाठी तुम्ही आणखी चांगलं कव्हर आणाल.

रद्द करायचं ते फोनवर नको, ईमेलनं करा. शोरूमच्या व्यवस्थापकाला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला एकच मेल पाठवा. त्यात बुकिंगची तारीख, पावती क्रमांक, भरलेली रक्कम, कबूल केलेली डिलिव्हरी आणि बदललेल्या चारही तारखा लिहा. शेवटी एक वाक्य : बुकिंग रद्द करत आहे, पूर्ण रक्कम 30 दिवसांत खालील खात्यात जमा करावी. बुकिंगची पावती जोडा. तारखांबद्दल व्हॉट्सॲपवर बोलणं झालं असेल तर त्याचे फोटोही जोडा. 'कॅन्सलेशन चार्ज' म्हणून काही कापतो म्हणाले तर लेखी कारण मागा. ठरल्या वेळी गाडी त्यांनीच दिलेली नाही, हे विसरू देऊ नका.

मेल गेल्यावर दोन दिवसांत गोड आवाजात फोन येईल की तुमची गाडी जहाजावर आहे. तेव्हा सतरा अक्षरी चेसिस नंबर मागा. नंबर नसेल तर तुमच्या नावाची गाडी नाही. असला तरी तुमचं उत्तर बदलणार नाही, नंबर मागायचा तो फोन आटोपता घेण्यासाठी. 30 दिवसांत पैसे आले नाहीत तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरीही हलले नाहीत तर ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात जा. शोरूम पुण्याचं असलं तरी तुम्ही राहता त्या साताऱ्यात तक्रार दाखल करता येते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची असते. ती कधीपासून मोजायची यावर वाद नको, म्हणून 2024च्या दिवाळीपासूनच धरा. एवढ्यासाठी तरी आता चालढकल करू नका.

आता एस्टीम.

कव्हर काढल्यावर पहिली चूक होते ती किल्ली फिरवण्याची. सेल्फ मारू नका. आधी बॉनेट उघडा. इतके महिने उभ्या गाडीत उंदीर हमखास असतात. एअर फिल्टरचा डबा उघडून आत चिंध्या आहेत का बघा, इंजेक्टरकडे जाणाऱ्या वायरी हाताने चाचपा. कुरतडलेली वायर पाहिली नाही आणि करंट दिला तर नसता खर्च ओढवतो. बॅटरीला मल्टिमीटर लावा. भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते. महिनोन् महिने 12च्या खाली राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट बसलेलं असतं, चार्ज केली तरी ती टिकत नाही. सरळ नवी आणा.

टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा, हे टाळू नका. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. साताऱ्याच्या पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीत तळाशी पाण्याचा थर धरलेला असू शकतो, आणि पंप ओढतो ते तळातूनच. जुन्या रबरी नळ्यांनाही इथेनॉल मानवत नाही, त्या दाबून बघा. मऊ पडलेली किंवा भेगाळलेली नळी बदला, फ्युएल फिल्टर नवा घाला आणि दहा लिटर ताजं पेट्रोल भरा.

इंजिन ऑइल गाडी चाललेली नसली तरी बदला. मग चारही स्पार्क प्लग काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा एक छोटा चमचा, म्हणजे साधारण पाच मिलिलिटर, इंजिन ऑइल सोडा. रात्रभर मुरू द्या. सकाळी गाडी न्यूट्रलला ठेवून क्रँकच्या पुलीवर पाना लावा आणि हाताने दोन फेरे द्या. सहज फिरलं तर पिस्टनच्या रिंगा मोकळ्या आहेत. अडलं तर जोर करू नका, आणखी एक दिवस मुरू द्या. मग फ्युएल पंपाचा फ्यूज आणि इग्निशनचा कनेक्टर काढून, प्लग बाहेरच ठेवून, पाच-पाच सेकंद सेल्फ मारा. ऑइलचा लाल दिवा विझला की वरपर्यंत ऑइल पोचलं. त्यानंतरच प्लग बसवायचे, फ्यूज आणि कनेक्टर लावायचे आणि गाडी चालू करायची.

मात्र त्याआधी टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारा इंजिनातला रबरी पट्टा. शेवटचा कधी बदलला हे आठवत नसेल, किंवा पाच वर्षं उलटली असतील, तर चालू करण्याआधीच बदला. या पट्ट्यासाठी नुसते किलोमीटर बघून चालत नाही, उभ्या गाडीतही तो वाळतो. सोबत पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंग नवं घाला आणि वॉटर पंपाखाली ओघळ आहे का तेही बघून घ्या.

सगळ्यात जास्त जीव मी ब्रेकमध्ये घालीन. कव्हर घालताना तुम्ही हँडब्रेक ओढला होता का? बहुतेक ओढलाच असणार, सवय असते. मग मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटलेले असतील. गाडी गिअरमध्ये टाकून रेटू नका, शूवरचं लायनिंग पत्र्यापासून सुटून ड्रममध्ये अडकतं. जॅक लावा, ड्रमवर कडेनं लाकडी हातोडीनं ठोका, ड्रम उतरवा. व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचकून आत ओल दिसली तर सिलिंडर गळतोय.

ब्रेक ऑइल सगळंच्या सगळं बदला. ते मुळात पाणी शोषणारं असतं. डॉट 3 दर्जाचं ताजं ब्रेक ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तोच आकडा 140 अंश आहे. यवतेश्वरच्या उतारावर पॅडल धरून धरून उतरलात तर ही उष्णता सहज तयार होते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते आणि पॅडल एकदम मऊ होऊन तळाला जातं. गॅरेजमध्ये ब्रेक झकास लागतात आणि घाटात दगा देतात, ते यामुळे. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा आणि नळीतून स्वच्छ ऑइल येईपर्यंत सोडत राहा.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 3218 म्हणजे 2018चा बत्तिसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर, नक्षी कितीही छान दिसली तरी, घाटात नेऊ नका.

कागद आजच काढून बघा, कारण इथं तुमचा एक घोटाळा झालेला असू शकतो. 2006ची नोंदणी म्हणजे पंधरा वर्षं 2021ला संपली. तेव्हा पाच वर्षांसाठी नूतनीकरण केलं असेल तर ती मुदत 2026चीच. आरसीवरची नेमकी तारीख बघा. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीआधीच्या साठ दिवसांत करता येतो. ऑगस्ट 2025च्या नियमांनुसार वीस वर्षांपुढच्या कारसाठी हे शुल्क 10,000 रुपये आहे, वर पर्यावरण कर आणि तारीख चुकली तर दंड. विमा बंद पडून 90 दिवस झाले असतील तर नो क्लेम बोनस गेला, गाडी तपासूनच नवी पॉलिसी मिळेल. पीयूसी आणि नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागेल, प्लेटचे कारला 745 रुपये अधिक जीएसटी. कागद पूर्ण होईपर्यंत गाडी गेटबाहेर काढायची नाही, मेकॅनिकला घरी बोलवा.

'तिच्यावर खर्च कशाला' असं तुम्ही लिहिलंय. ही सगळी यादी एकदम केलीत तरी शोरूममध्ये अडकलेल्या पाच लाखांपुढे तो आकडा किरकोळ असेल. आणि सौ.ना हे करून झाल्यावर सांगू नका. मेकॅनिक येईल त्या सकाळी त्यांना पोर्चमध्ये बोलवा, कव्हर दोघांनी मिळून काढा. दीड वर्षं त्या कव्हरवरची धूळ त्यांनीच झटकली असणार.

पहिल्या रविवारी कासपर्यंत जाऊ नका, यवतेश्वरपर्यंतच जा. निघायच्या आधी घरासमोर रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. पंखा लागला नाही तर घाट रद्द. चढताना तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकला तर लगेच बाजूला घ्या. उतरताना दुसरा गिअर टाका, ब्रेक थोडा थोडा मारून सोडत या. वर पोचल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, ड्रमला लावू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त धगधगत असेल तर तिथला ब्रेक अजून धरतोय. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, निदान अर्धा तास थांबायचं. तेवढ्यात थर्मासमधला चहा होतो.