पौर्णिमा ते प्रतिपदा : दीड तास गेला कुठे?

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं अशी निघाली की ओट्यावर एकटीच बसून मी मोठ्याने हसले. बत्तीस वर्षं खाडीकाठच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवलं. वर्गात हसू फुटलं की मी खडू खाली ठेवायची आणि कशावरून हसताय ते विचारायची. तिथे हमखास एखादा चांगला प्रश्न सापडायचा. ही तिन्ही पत्रं त्याच जातीची आहेत.

प्रश्न : बाई, मी आठवीत आहे. आमच्या आजोबांची होडी आहे. भरतीची वेळ ते मोबाईलवर बघत नाहीत, तिथीची पाऊणपट करतात. पौर्णिमेला त्यांनी सव्वाअकरा सांगितले आणि पाणी त्याच सुमाराला पूर्ण भरलं. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, म्हणून पाऊण वाजता म्हणाले. पण बाराच्या आसपासच पाणी भरून सुकती लागली, आणि आजोबा तेव्हा पाटावर जेवत होते! घरातले सगळे हसले, आजोबाही हसले. पण सव्वाअकरानंतर एकदम पाऊण कसा? मधला दीड तास गेला कुठे?
— एक विद्यार्थिनी, गुहागर तालुका

उत्तर : बाळ, तुझ्या प्रश्नाने माझी अख्खी दुपार घेतली, आणि फार आनंदात घेतली.

आधी आजोबांचा आडाखा. पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ असलेल्या पिढीला तो अगदी सोपा : चतुर्थीला भरती तीनला, अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला. माझी आजी तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, काढायला जायची ती याच हिशेबावर. डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवत तिथी मोजायची, भरतीच्या वेळेत सहा तास मिळवायची की झाली सुकती. मग रोवळी घेऊन निघायची. गुडघाभर पाण्यात उभी राहून पायाच्या बोटांनी चिखल चाचपायची, कडक काही लागलं की वाकायची. घरात घड्याळ होतं, पण त्याला किल्ली द्यायची आठवण कुणालाच नसायची.

आता तुझा दीड तास. भरती चंद्राच्या मागे चालते, आणि चंद्र सूर्याच्या मानाने रोज थोडा मागे पडतो. एक तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातलं १२ अंशांचं अंतर. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. बारा चोक अठ्ठेचाळीस. म्हणजे दर तिथीला भरती सरासरी ४८ मिनिटं पुढे जाते. पंधरा तिथींची ७२० मिनिटं, बरोबर १२ तास. म्हणून अमावास्येला आणि पौर्णिमेला भरतीची वेळ जवळपास तीच येते.

आजोबांचा आडाखा मात्र तिथीमागे पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटं धरतो. तिथीमागे ३ मिनिटं सुटतात. पंधरवड्यात ती साचून झाली ४५ मिनिटं. पौर्णिमा संपली की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, तेव्हा ही साचलेली बाकी एकदम बाहेर येते. ४५ मिनिटं एका तिथीची आणि ४५ मिनिटं साचलेली, मिळून तुझा दीड तास! कागदावर हे जुळलं तेव्हा मी वही घेऊन शेजारच्या वहिनींना दाखवायला गेले.

तुमच्या खाडीत पौर्णिमेचे सव्वाअकरा खरे ठरले. म्हणजे तुमच्याकडे आडाख्याची मोठी चूक पंधरवड्याच्या सुरुवातीला पडणार आणि पुढे रोज थोडी थोडी कमी होत जाणार. आजोबांना सांग, प्रतिपदेपासून पंचमीपर्यंत उत्तरातून अर्धा-पाऊण तास वजा करायचा. दुसऱ्या बंदरात हेच चालेल असं समजू नकोस. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, मालवणला आधी आणि मुंबईला नंतर. शिवाय ४८ मिनिटं ही सरासरी झाली. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, भरती रोज त्याहून कमी मिनिटांनी पुढे जाते, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमाराला, जास्त.

जुनी घटका २४ मिनिटांची. तिथीला दोन घटका धरल्या तर ४८ मिनिटं चोख येतात. हे आजोबांना नक्की सांग, त्यांना फार आवडेल. आणि एक काम कर. धक्क्याच्या पायऱ्यांपैकी पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढलं आणि किती वाजता, हे अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत लिहून काढ. पाण्याजवळ एकटी जाऊ नकोस, आजोबांना बरोबर ने. तो तक्ता मला हवा आहे.

प्रश्न : मी कार्यालयात लिपिक आहे. माझ्या टेबलाचा खण जून ते सप्टेंबर उघडत नाही. साहेबांना वाटतं, फाईल द्यायची नसली की मी खण अडकल्याचं सांगतो. परवा त्यांनी स्वतः ओढला तर मूठच त्यांच्या हातात आली, आणि सगळा विभाग हसला. याला शास्त्रीय कारण आहे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आहे, आणि ते साहेबांना खुशाल वाचून दाखवा. लाकूड हवेतलं पाणी ओढून घेतं आणि फुगतं, पण सगळ्या बाजूंनी सारखं नाही. धाग्याच्या लांबीत ते जवळजवळ वाढत नाही, आडवं मात्र चांगलंच फुगतं. खणाच्या बाजूच्या फळ्यांचा धागा पुढून मागे गेलेला असतो. त्यामुळे खण लांबीला तेवढाच राहतो, पण त्याची उंची वाढते आणि तो वरखाली आवळला जातो. साग त्यातल्या त्यात कमी फुगतो. आपल्याकडे हवा किती ओली असते ते मिठाच्या बरणीत बघा. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाझरायला लागतं, आणि जुलैत ते रोजच पाझरतं.

उपाय साधा. कोरड्या दिवसांत खण बाहेर काढा आणि खालच्या-वरच्या कडांवर मेणबत्ती घासा. सुताराला भर पावसात रंधा मात्र मारायला लावू नका. आज अगदी बेताचा बसलेला खण डिसेंबरात खडखडेल.

प्रश्न : लग्नाच्या पंगतीत मिस्टरांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सोलकढी सांडली. घरी येऊन लगेच साबण चोळला तर गुलाबी डाग निळसर-हिरवट झाला. नणंद सगळ्यांना सांगत सुटली आहे की वहिनीने नवा रंग शोधला! असं का झालं?
— एक वाचक भगिनी, दापोली

उत्तर : कोकमाचा लाल रंग आंबटात लाल राहतो. साबण किंवा सोड्याचा क्षार लागला की तोच रंग जांभळा, निळा, हिरवट होत जातो. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, तोही असाच प्रकार, फक्त रंगद्रव्य वेगळं. तुम्ही काही बिघडवलेलं नाही. साबण धुऊन टाका, डागावर लिंबू पिळा, गुलाबी छटा परत येईल. मग भरपूर गार पाण्यात खळबळा, आणि साबण सगळ्यात शेवटी. तो लागेलच, कारण नारळाच्या दुधाचा तेलकटपणा नुसत्या पाण्याने निघत नाही.

वर्गात मी टीपकागदाच्या पट्ट्या कोकमाच्या आगळात बुडवून सावलीत वाळवायची. लिंबात पट्टी लाल, साबणाच्या पाण्यात निळसर, चुन्याच्या निवळीत हिरवट. एरवी कधी तोंड न उघडणारी मुलं त्या तासाला बाकावर चढून ओरडायची, "बाई, आता चहात बुडवू?" अशा पाच-सहा पट्ट्या घरी करा. नणंदेच्या हातात एक द्या, चुन्याच्या निवळीची वाटी पुढ्यात ठेवा आणि तिलाच बुडवायला सांगा.