अमेरिकेतल्या कॉलेजात मुलींच्या सॉकर संघाची गोलकीपिंग कोच म्हणून करिअर होतं का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तू साताऱ्याची, विद्यापीठाच्या संघात तीन वर्षं गोलकीपर, सध्या बी.पी.एड. करतेस. कुणीतरी सांगितलं की अमेरिकेत कॉलेजच्या मुलींच्या संघाला फक्त गोलकीपरसाठी वेगळा, पगारी कोच असतो. हे खरं का, आणि तिथवर पोचायचं कसं? (वयाने बरीच लहान दिसतेस, म्हणून सरळ 'तू' म्हणते.)

खरं आहे. मी कोल्हापूरची, आणि मिडवेस्टमधल्या एका डिव्हिजन टू (कॉलेज खेळांच्या तीन श्रेणींतली मधली) कॉलेजात हेच काम करते. 'फक्त' हा शब्द मात्र काढून टाक. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर असिस्टंट कोच असं आहे आणि त्यात सगळं येतं: व्हॅन चालवणं, हॉटेलच्या खोल्या, बाहेरगावच्या सामन्यानंतरचं जेवण, व्हिडिओ कापणं, नव्या मुलींना शंभर ईमेल, कधी कधी धुलाईच्या पिशव्या. सीझनमध्ये मुलींवर आठवड्याला २० तासांची मर्यादा आणि एक सक्तीची सुट्टी असते. कोचचे तास कुणी मोजत नाही.

या नोकऱ्या मुळात आहेत त्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे. सरकारी पैसा घेणाऱ्या कॉलेजला मुलगा-मुलगी भेद करता येत नाही, मग मैदानावरही करता येईना. मुलींची पहिली एनसीएए (कॉलेजांच्या खेळांची राष्ट्रीय संघटना) स्पर्धा १९८२ ला झाली, ती नॉर्थ कॅरोलायनाने जिंकली. आज तिन्ही डिव्हिजन मिळून हजाराच्या आसपास महिला संघ आहेत. मला हे पचायला वेळ लागला. आमच्याकडे कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना असला की शाहू स्टेडियम ओसंडून वाहतं, पण कीपिंग मी शिकले ती मामाकडून, गांधी मैदानात पावसाचं तळं साचलं की त्याच्या कडेच्या चिखलात.

आता खरं काम काय, ते सांगते. गोल एक असतो आणि कीपर चार. पहिली खेळते. दुसरी पहिलीच्या दुखापतीची वाट बघते आणि त्याची तिला स्वतःलाच लाज वाटते. तिसरी आणि चौथी सामन्याआधी पहिलीला चेंडू मारून तयार करतात आणि मग कोट घालून बाकावर बसतात. बचावपटूला मिडफिल्डला हलवता येतं, शेवटची दहा मिनिटं उतरवता येतं. कीपरला कुठे हलवणार? त्यामुळे माझा निम्मा जीव ज्या खेळणार नाहीत त्यांच्यात अडकलेला असतो. ऑगस्टमध्ये क्रम ठरतो त्या संध्याकाळी मी तिघींना एकेकीला बोलावून सांगते. त्या रात्री मला जेवण जात नाही.

एका सीझनला आम्ही लागोपाठ दोन सामन्यांत एकसारखे गोल खाल्ले, दोन्ही जमिनीलगत, कीपरच्या डाव्या कोपऱ्यात. परतीच्या बसमध्ये मी तो व्हिडिओ तीनदा बघितला आणि ठरवलं की पोरगी उशिरा हलतेय. दुसऱ्या दिवशी सरावानंतर आमची तिसरी कीपर चेंडू जाळीत भरता भरता म्हणाली, "कोच, ती डावीकडे जाताना पहिलं पाऊल मागं टाकते. उजवीकडे नाही टाकत." मी पुन्हा बघितलं. वीतभरच, पण पाऊल गोलरेषेकडे जात होतं. ते तिरकं पुढे पडायला हवं, म्हणजे चेंडूचा कोन आवळता येतो. मागं पडलं की ७.३२ मीटरचा गोल आपणच रुंद करून देतो. आमचा कॅमेरा बाजूच्या रेषेवर, उंचावर. तिथून हे दिसलंच नव्हतं. ही मुलगी मात्र रोज समोर उभी राहून तिला पन्नास-साठ चेंडू मारत होती, तिला दिसलं. पुढच्या सामन्यापासून तिला मी वही देऊन माझ्या शेजारी बसवलं. चार वर्षांत तिच्या वाट्याला एकूण एक सामनाही पुरता आला नाही. आता ती एका हायस्कूलच्या कीपरना शिकवते.

या पेशात मोठं नाव म्हणजे ॲमी ग्रिफिन. १९९१ च्या पहिल्या महिला विश्वचषकाच्या अमेरिकन संघात ती कीपर होती, नंतर वर्षानुवर्षे युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये कोच. अमेरिकेची नावाजलेली कीपर होप सोलो तिथलीच. शाळेत फॉरवर्ड खेळायची, पूर्णवेळ कीपर झाली ती कॉलेजात. पण मला ग्रिफिन आठवते ती वेगळ्याच कारणाने. २००९ मध्ये तिच्या ओळखीच्या दोन तरुण कीपर केमोथेरपी घेत होत्या आणि तिथल्या नर्सने त्या आठवड्यात आणखी कीपर आल्याचं सांगितलं. कृत्रिम गवतातले टायरच्या रबराचे काळे दाणे कीपरच्या तोंडात, केसांत, खरचटल्या कोपरात जातात. (माझ्या घरच्या वॉशिंग मशीनच्या तळाशीही निघतात.) त्यानेच कॅन्सर होतो की काय, या संशयाने ग्रिफिनने आजारी खेळाडूंची यादी करायला घेतली. ती इतकी वाढली की वॉशिंग्टन राज्याच्या आरोग्य खात्याने चौकशी केली. २०१७ चा अहवाल म्हणाला, यादीतलं प्रमाण एरवी अपेक्षित असतं त्याहून जास्त दिसत नाही. संशय फिटला म्हणून ते काम मला वाया गेलं असं वाटत नाही. मैदानाबाहेर गेलेल्या मुलींची चौकशी कुणीतरी करत होतं.

पैशांचं बोलू. डिव्हिजन टूमध्ये महिला सॉकरला जास्तीत जास्त ९.९ शिष्यवृत्त्या. हो, नऊ पूर्णांक नऊ. त्या अख्ख्या संघात तुकडे करून वाटायच्या. चार कीपरना मिळून काय येणार? दरवर्षी हेड कोचशी माझी यावरून खडाजंगी होते आणि दरवर्षी एक स्ट्रायकर माझे पैसे घेऊन जाते. नवीन मुलगी शोधताना तिची दहावी संपून १५ जून उजाडेपर्यंत तिला फोन किंवा मेसेज करता येत नाही. त्या दिवशी सकाळी सगळ्या देशातले कोच एकदम फोनला चिकटलेले असतात.

तुझ्यासारखीला शहाणा रस्ता म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंट. एखाद्या लहान कॉलेजात मास्टर्सला प्रवेश, फी पूर्ण किंवा बरीचशी माफ, थोडा भत्ता, आणि बदल्यात कोचिंग. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, ते करारात नीट लिहून घे. त्यानंतर मी एका मोठ्या कॉलेजात पूर्ण एक वर्ष बिनपगारी कोच होते. सकाळी कीपर, दुपारी कीपर, संध्याकाळी क्लबच्या दहा वर्षांच्या पोरी, तेही भाड्यापुरते पैसे मिळावेत म्हणून. तेव्हा नियमातच 'व्हॉलंटियर कोच' असं पद होतं आणि ते बहुतेक वेळा कीपर कोचच्याच गळ्यात पडायचं. १ जुलै २०२३ पासून डिव्हिजन वनने ते काढून टाकलं. माझं वर्ष गेलं ते गेलं.

पुढे एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. विद्यापीठांना त्याची लॉटरी लागू नाही, पण कोचचं पद विशेष शिक्षणाचं आहे हे कागदोपत्री पटवून द्यावं लागतं. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काचा हुकूम निघाला. लहान कॉलेज एवढे पैसे भरून तुला साताऱ्याहून थेट बोलावेल, ही आशा सोड. वाट विद्यार्थी म्हणून येण्याचीच.

निघण्याआधी एआयएफएफचं (भारतीय फुटबॉल महासंघ) डी कोचिंग लायसन्स आणि जमलं तर एएफसीचा (आशियाई महासंघ) गोलकीपिंग लेव्हल वन कोर्स करून घे. इथे युनायटेड सॉकर कोचेस या संघटनेचे गोलकीपिंग डिप्लोमे आहेत. त्यांचं जानेवारीतलं अधिवेशन म्हणजे अर्धा नोकऱ्यांचा बाजार, तिथे लॉबीत कॉफी पिता पिता मुलाखती होतात. अर्जासोबत स्वतःच्या झेपांचा व्हिडिओ पाठवू नकोस, ते सगळे पाठवतात. तू दोन-तीन मुलींचा सराव घेतेस असा सलग दहा मिनिटांचा पाठव, आवाजासकट. चूक झाल्यावर तू काय बोलतेस, ते ऐकायचं असतं.

आणि आजपासून डाव्या पायाने चेंडू मारायची सवय कर. कीपर कोच दिवसाला दोन-अडीचशे चेंडू मारते. मी सगळे उजव्याने मारले, आता जिना चढताना खुबा कुरकुरतो.